ट्रंकेवरचा हात

परांचीबाईंना उंचीची भीती कधीच वाटली नाही. बाकी सगळ्याची वाटायची.

घराबाहेर पडताना गॅस बंद केलाय का, हे त्या तीनदा बघत. कुलूप लावल्यावर ओढून बघत, कोपऱ्यापर्यंत जात, आणि परत येऊन पुन्हा एकदा ओढत. फोन वाजला की आधी छातीत धस्स व्हायचं आणि मगच हात फोनकडे जायचा. पण हीच बाई पाण्याच्या टाकीला साठ फुटांवर बांधलेल्या दोन फळ्यांवर उभी राहून चार-चार तास रंग लावत असे, तेव्हा पोटात गोळा यायचा तो खाली उभं राहून बघणाऱ्यांच्या. त्यांचे यजमान वीज खात्यात वायरमन होते, आता निवृत्त. ते भेटेल त्याला सांगायचे, "हिला जमिनीची भीती वाटते हो. वर चढवली की एकदम बरी असते."

परांची म्हणजे बांबू-फळ्यांचा तो सांगाडा, ज्याच्यावर उभं राहून गवंडी आणि रंगारी काम करतात. बाईंनी आयुष्याचा मोठा भाग त्याच्यावर काढला म्हणून गावाने त्यांना हे नाव चिकटवलं. खरं नाव बँकेच्या पासबुकात असेल. तिथून ते कुणी बाहेर काढलं नाही.

धंदा वडिलांचा. ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे. मुलगी आधी अक्षरांच्या आत नुसता रंग भरायची, मग अक्षरं काढायला लागली, आणि मग तिला पाटी पुरेना म्हणून भिंतीवर गेली. वडिलांनी तिला एकच गोष्ट शिकवली, पण ती रोज शिकवली. मोज, परत मोज, आणि मग ब्रश उचल. कागदावरचं चित्र मोठ्या भिंतीवर न्यायचं म्हणजे कागदावर पाव-पाव इंचाचे चौकोन आखायचे, भिंतीवर चार-चार इंचांचे, आणि एकेका चौकोनात जेवढं आहे तेवढंच उतरवायचं. भिंतीला नाक लावून काम करणाऱ्याला चित्र दिसतच नाही, त्याला फक्त आपल्यासमोरचा चौकोन दिसतो. मोजण्यात चुकला की तो गेलाच.

गावात त्यांची चित्रं कुठे नाहीत ते विचारा. पाण्याच्या टाकीला गोल फिरून एक दोरी आहे आणि तिच्यावर वाळत घातलेले कपडे. आजही लोक पत्ता सांगताना 'लाल शर्टाखालची गल्ली' म्हणतात. पोस्टाच्या मागच्या भिंतीवर एक उघडी खिडकी आहे. ती इतकी खरी झाली की कबुतरं तिच्यात घुसायला जाऊन आपटायला लागली, तेव्हा बाईंनी महिनाभराने परत येऊन तिला गज रंगवले. तेव्हापासून कबुतरं सुखात आहेत.

आणि सगळ्यांत मोठं काम म्हणजे बसस्थानकासमोरची लांबच लांब भिंत. तिच्यावर एका बाकावर बसलेली माणसं आहेत, प्रत्येक दोन पुरुष उंच, आणि सगळी बसची वाट बघतायत. कुणी पेंगतंय, कुणी बूट काढून तळवा चोळतंय, एक म्हातारी शेजारी ठेवलेल्या हिरव्या ट्रंकेवर पंजा टेकून बसलीय, कुणी उचलून नेईल म्हणून. लांबून बस पकडायला येणारी माणसं चित्र बघायला मुद्दाम दहा मिनिटं आधी येतात, असं म्हणत.

परांचीबाई मात्र त्या स्थानकावर सत्तावीस वर्षांत एकदाही बसमध्ये चढल्या नव्हत्या. कुठे जायचं असलं की त्या मागच्या रस्त्याने चालत पुढच्या थांब्यावर जात, पाऊण मैल, हातात पिशव्या असल्या तरी. वायरमन कुरकुरायचे. "स्वतः रंगवलेल्या भिंतीसमोर बसायला काय काटे टोचतात का?" बाई म्हणायच्या, "तिथे धूर फार असतो." मग वायरमन पिशव्या उचलून मागून चालायला लागायचे.

धुराचं काही नव्हतं. गोष्ट हाताची होती.

सत्तावीस वर्षांपूर्वी त्या भिंतीचं काम निम्मं झालेलं असताना वडील आजारी पडले. त्या दिवशी बाई म्हातारीच्या पंजावर होत्या. परांचीचा एक जाड उभा बांबू नेमका त्या पंजासमोर येत होता. बांबूच्या डावीकडचा भाग झाला होता: अंगठा आणि दोन बोटं. बसच्या धुळीने रंग खराब होऊ नये म्हणून तेवढ्या भागावर त्यांनी वरून खालपर्यंत गोणपाट बांधलं आणि दवाखान्याकडे धावल्या. आठ दिवसांनी परत आल्या तेव्हा वडील नव्हते. डोकं ठिकाणावर नव्हतं. गोणपाट न सोडता त्यांनी बांबूच्या उजवीकडून सुरुवात केली आणि कागदावर चौकोनांचा बेचाळिसावा उभा रकाना धरला. तो रकाना डावीकडे होऊन गेला होता. म्हणजे बेचाळिसावा रकाना भिंतीवर दोनदा उतरला, आणि त्या रकान्यात एक बोट होतं.

पुढे सगळं चित्र चार इंच सरकलं. शेवटच्या माणसाच्या छत्रीच्या मुठीला जागाच उरली नाही, तेव्हा बाईंनी भिंत बांधणाऱ्या गवंड्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. परांची उतरली, उद्घाटन झालं, टाळ्या झाल्या. आठवड्याने त्या सहज तिथे जाऊन बसल्या, आणि म्हातारीच्या पंजाकडे बघता बघता त्यांची नजर अडकली. त्यांनी मोजलं. परत मोजलं. अंगठा धरून सहा.

दुरुस्त करणं म्हणजे लोकांसमोर परत परांची बांधणं, आणि का, ते सांगणं. तेव्हा गावात पाट्यांचं मोठं दुकान असलेले एक पेंटर होते, सगळे त्यांना बोर्डवाले म्हणत. भिंतीचं काम आपल्याला न मिळता बाईला मिळालं म्हणून ते भर चहाच्या टपरीवर बोलले होते, "बाई आहे. कुठेतरी चुकणारच. नुसतं बघत राहा." ते वाक्य बाईंपर्यंत पोचवायला दहा माणसं धावली होती. आता ही चूक बोर्डवाल्यांच्या हातात कशी द्यायची? बाई गप्प बसल्या. त्या बोटाकडे बघितलं की त्यांना तो दवाखान्यातला आठवडा आठवायचा, आणि बोर्डवाल्यांचं तोंड आठवायचं. दोन्ही नको म्हणून त्यांनी तो रस्ताच सोडला.

आणि या वर्षी गावाने ठरवलं, परांचीबाईंचा सत्कार करायचा.

पुढाकार वाचनालयातल्या ग्रंथपालबाईंचा. उत्साह असा की समोरच्याला पळायला जागा मिळू नये. त्या घरी आल्या, सोफ्याच्या टोकावर बसल्या आणि म्हणाल्या, "कार्यक्रम रविवारी सकाळी. बसस्थानकातच, भिंतीसमोर. आणि ही बघा पत्रिका, छापून आलीसुद्धा."

पत्रिकेवर चित्र होतं. सबंध भिंतीचं नव्हतं, चेहऱ्यांचंही नव्हतं. हिरव्या ट्रंकेवर टेकलेला पंजा, पानभर.

परांचीबाईंचे कान गरम झाले. "हात कशाला? चेहरा घ्यायचा ना. त्या पेंगणाऱ्या माणसाचा चेहरा किती छान आलाय."

"चेहरे काय, सगळेच काढतात. पण हा हात!" ग्रंथपालबाई म्हणाल्या. "भिंत म्हटलं की गावाला हाच आठवतो."

"बदलता नाही का येणार?"

"अहो, पाचशे वाटून झाल्या. किती संकोच करता तुम्ही! बोर्डवाल्यांना तर मी स्वतः नेऊन दिली. ऐंशीच्या घरात आहेत, तरी येतो म्हणाले. पहिल्या रांगेत बसवणार आहोत त्यांना."

ग्रंथपालबाई गेल्यावर परांचीबाईंनी दार लावून कडी घातली. मग पत्रिका शिलाई मशीनच्या खणात कोंबली, खण लावला, आणि ओढून बघितला.

त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली. जेवण जाईना. रस्त्यात कुणी "अभिनंदन हं, मावशी" म्हटलं की त्यांना वाटायचं, हा हसला का? पत्रिका बघून हसला? दूधवाल्याने पिशवी देताना पाच बोटं दाखवून "पाच मिनिटं उशीर झाला" म्हटलं, तर यांचा चेहरा पडला. सुतावरून स्वर्ग गाठणं त्यांना नवीन नव्हतं, पण या वेळी निदान सूत खरं होतं. त्यांना डोळ्यांसमोर एकच दृश्य दिसायचं. भरलेलं स्थानक, पहिल्या रांगेत बोर्डवाले, हातात पत्रिका. आणि ते मोजतायत.

मंगळवारी वायरमननी विचारलं, "पत्रिका आली म्हणे. मला नाही दाखवलीस?"

बाईंनी खणातून काढून दाखवली, पण हातातून सोडली नाही. आपला अंगठा त्यांनी नेमका चित्रावर ठेवला होता.

"अंगठा काढ ना. त्या अंगठ्याखाली काय आहे ते मला माहीत आहे," वायरमन म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"सहा आहेत ते."

बाईंनी अंगठा काढला. "कधीपासून?"

"उद्घाटनाच्या दिवसापासून. जन्मभर विजेने बोटं गेलेली माणसं बघितलीत मी. हात दिसला की बोटं मोजायची सवयच आहे."

"आणि इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"तू बोलली नाहीस." वायरमननी चष्मा काढून उगाच पुसला. "आणि बाबा नुकते गेले होते. म्हटलं, जाऊ दे. मग दरवर्षी जाऊ दे म्हणत गेलो. पिशव्या उचलून पाऊण मैल चालतो ते काय मला धूर सोसत नाही म्हणून?"

बाईंना एकदम रडू आलं, आणि त्याच्या पाठोपाठ नवी भीती आली. यांनी पहिल्याच दिवशी मोजलं, तर आणखी किती जणांनी मोजलं असेल?

"अगं, मग रंग ताजा करायचा म्हणून सांग ग्रंथपालबाईंना," वायरमन म्हणाले. "कार्यक्रमाआधी कोण नाही म्हणणार? एक बोट तर घालवायचं आहे. स्टूल मी धरतो."

इतकं सोपं होतं ते. ग्रंथपालबाईंनी फोनवरच होकार दिला, वर "किती मनाला लावून घेता हो तुम्ही कामाचं" असंही म्हणाल्या. परांचीबाईंनी मनाला काय लावून घेतलं होतं, ते त्यांना कुठे माहीत होतं.

गुरुवारी सकाळी दोघं स्थानकावर पोचली तेव्हा नुकतं उजाडलं होतं. झाडणारा माणूस फलाटाच्या दुसऱ्या टोकाला होता. तिकिटांची खिडकी बंद, पण आत दिवा लागलेला. बाईंनी ट्रंकेचा हिरवा घरीच मिसळून आणला होता. पत्रिकेवर जुना रंग उन्हाने जेवढा उतरलेला दिसत होता तेवढा उतरवून, डब्याच्या झाकणावर तीन वेळा लावून बघून. शेवटचं बोट ट्रंकेच्या हिरव्याखाली घालवायचं आणि उरलेली जरा सावरायची. अर्ध्या तासाचं काम होतं.

सत्तावीस वर्षांनी बाई त्या पंजासमोर उभ्या राहिल्या. तो त्यांना वाटत होता त्यापेक्षा चांगला होता. कातडीवरच्या सुरकुत्या, मनगटाचं हाड, सगळं जागच्या जागी. चांगला होता म्हणूनच ते जास्तीचं बोट अधिक टोचलं. त्या स्टुलावर चढल्या. वायरमननी दोन्ही हातांनी स्टूल धरलं. बाईंनी ब्रश हिरव्यात बुडवला, डब्याच्या कडेला निथळला, आणि शेवटच्या बोटाच्या टोकाला लावला.

"ओ मावशी! ओ! तिथे हिरवा कशाला?"

बाई इतक्या दचकल्या की ब्रश सुटता सुटता राहिला. तिकीट खिडकीची झडप वर गेली होती आणि आतून एक बाई वाकून बघत होती.

"रंग उडालाय," परांचीबाई म्हणाल्या. "जरा ताजा करतेय."

"ट्रंकेचा उडालाय. बोटाला कसा हिरवा येईल? मी रोज आठ तास याच्यासमोर बसते मावशी, मला डोळे मिटून सांगता येईल कुठे कुठला रंग आहे. थांबा, थांबा, पुढे लावू नका!"

खोलीचं मागचं दार उघडलं आणि खिडकीवाली चपला फटफटवत धावत आली. तिशीची असेल, खात्याचा निळा कोट, केस घाईघाईने बांधलेले. तिच्या उजव्या हातात किल्ल्यांचा जुडगा होता. परांचीबाईंची नजर सवयीने आधी हातावर गेली. सवयीने मोजलं. करंगळीच्या बुंध्याशी, जरा बाहेर वळलेलं, एक छोटं बोट होतं. त्याला मसुराएवढं नखसुद्धा होतं.

बाईंनी परत मोजलं.

"तुम्ही इथे कधीच येत नाही ना," खिडकीवाली धापा टाकत म्हणाली. "मला किती वर्षं तुम्हाला भेटायचं होतं. आई सांगायची, परांचीबाई टाकीवर असतात, पोस्टाकडे असतात. पण इथे तुम्ही कधी फिरकला नाहीत. आणि आज आलात, तर हे बोट पुसायला निघालात?"

परांचीबाईंनी ब्रश डब्यावर आडवा ठेवला. स्टुलावरून उतरायचं मात्र त्यांना सुचेना.

"मी पाच वर्षांची होते," खिडकीवाली म्हणाली. "हे बोट कापायचं ठरलं होतं. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात, तारीखही मिळाली होती. शाळेत मुलं चिडवायची, हात पाठीमागे धरून चालायची मला सवय लागली होती. आई मला घेऊन याच बाकावर बसली. मी रडत होते. बस यायला वेळ होता, तर आई म्हणाली, ती बघ आजी, मोज तिची बोटं, रडायचं नाही. तिने आपलं मला गप्प करायला सांगितलं. मी मोजली. सहा. आईला वाटलं मला मोजता येत नाही. मग तिने मोजली."

"मग?" हे वायरमननी विचारलं. त्यांनी स्टूल सोडून दिलं होतं.

"मग बस आली, आणि आई उठलीच नाही. कंडक्टरने दोनदा हाक मारली. बस गेली, आणि आम्ही घरी आलो." तिने किल्ल्या दुसऱ्या हातात घेतल्या. "आई शेवटपर्यंत म्हणायची, त्या बाईंनी तुला कुठेतरी बघितलं असणार. मुद्दाम काढलं असणार. आता सगळं स्थानक तेच म्हणतं. लहान पोरं इथे येऊन पहिल्यांदा तेच करतात, मोजतात. आजीचा हात आणि खिडकीतला हात. ग्रंथपालबाईंना पत्रिकेवर हाच हात घ्या म्हणून मीच सांगितलं."

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. सत्तावीस वर्षं सगळं गाव मोजत होतं, आणि ज्या बाईने ते काढलं ती एकटी मागच्या रस्त्याने पिशव्या घेऊन चालत होती.

परांचीबाईंना हायसं वाटायला हवं होतं. ते वाटलं नाही. कालपर्यंत चूक सापडेल म्हणून जीव टांगणीला लागला होता. आता ती चूक कुणीतरी चांगुलपणा म्हणून उराशी धरून बसलं होतं. गप्प राहणं किती सोपं होतं! नुसतं हसायचं, मान हलवायची. पण जी बाई कुलूप दोनदा ओढून बघते, तिला असलं काही उघडं टाकून जाता येत नाही. त्या सावकाश स्टुलावरून उतरल्या.

"बाळ," त्या म्हणाल्या, "मी तुला बघितलं नव्हतं. ती चूक आहे."

"म्हणजे?"

त्यांनी सगळं सांगितलं. बांबू, गोणपाट, वडील, बेचाळिसावा रकाना. सांगताना त्या भिंतीकडे बघत होत्या, तिच्याकडे बघायचा धीर झाला नाही. "माझे बाबा गेले होते," त्या शेवटी म्हणाल्या, "आणि मी मोजायला चुकले. लाज वाटायची म्हणून इकडे यायची नाही. आणि आज ते पुसायला आले होते."

खिडकीवालीने भिंतीकडे बघितलं, मग स्वतःच्या हाताकडे. लांब एक बस सुरू होऊन तिचं इंजिन धडधडायला लागलं. खिडकीसमोर तीन-चार माणसं येऊन उभी राहिली होती. परांचीबाईंना वाटलं, आपण आत्ता या पोरीचं काय मोडलं ते आपल्याला कधीच कळणार नाही.

"आईला सांगायला हवं होतं कुणीतरी," खिडकीवाली म्हणाली. मग नाक पुसलं. "नाही, नकोच. बरं झालं नाही सांगितलं." तिने किल्ल्या हातात फिरवल्या. "बस तर गेली ना त्या दिवशी. ती काही आता परत येत नाही."

"नाही," वायरमन म्हणाले.

"आणि चूकच होती, म्हणून असं दिसतं होय ते!" ती एकदम म्हणाली, आणि तिच्या आवाजात थोडासा रागच होता. "मला कायम खटकायचं. तुमची सगळी बोटं एका ओळीत, सारख्या मापाची, कवायतीला उभी केल्यासारखी. सहावं बोट असं नसतं हो, मावशी. मला वाटायचं, एवढ्या मोठ्या कलाकार, आणि हे असं घाईत का काढलं?"

परांचीबाईंनी तिच्याकडे वळून बघितलं. चाळीस वर्षांच्या धंद्यात त्यांच्या कामाची इतकी नेमकी चूक कुणी काढली नव्हती. बोर्डवाल्यांनीसुद्धा नाही.

"कसं असतं? दाखव," त्या म्हणाल्या.

"असं." खिडकीवालीने हात पुढे केला.

"असा नको. ट्रंकेवर टेकलाय तसा टेकव. इथे, बाकाच्या पाठीवर. बोटं सैल सोड. मनगट खाली." बाईंनी कोटाची बाही वर सरकवली. बोटाच्या बुंध्याशी स्वतःचं बोट लावून बघितलं, तिथून करंगळीपर्यंत वीतभर नव्हे, नखभर अंतर. किती अंशांत वळलंय, नख कुठे सुरू होतं. मोजलं. परत मोजलं. "अहो, कातडीचा रंग मिसळायला माझी पेटी द्या. आणि त्या लोकांना सांगा, खिडकी उशिरा उघडेल."

वायरमन रांगेकडे गेले. "दहा मिनिटं थांबा," ते तिथल्या लोकांना म्हणाले. "मॅडम कामात आहेत." रांगेतल्या एकाने घड्याळ दाखवलं, तेव्हा वायरमननी भिंतीवरच्या बाकाकडे बोट केलं. "ते बघा किती वर्षं थांबलेत. काही बिघडलं का त्यांचं?"

हिरवा वाया गेला नाही. मधल्या बोटांची उंची बाईंनी जरा जरा उतरती केली, शेवटचं बोट दोन्ही बाजूंनी हिरव्याने खाल्लं, आणि जे उरलं ते बाहेर वळवून, लहान, मऊ, स्वतःच्या सांध्यासकट पुन्हा काढलं. शेवटी नख. नख काढताना त्यांनी श्वास रोखला होता. दहा मिनिटांची चाळीस झाली. खिडकीवालीचा हात अवघडला, पण तिने तो हलवला नाही. रांगेतली माणसंही एव्हाना रांग सोडून जवळ येऊन उभी होती आणि एकमेकांना गप्प बसायला सांगत होती.

रविवारी स्थानक भरलं होतं. मानपत्र वाचलं गेलं, फुलं दिली गेली, ग्रंथपालबाई ठरलेल्या वेळेच्या दुप्पट बोलल्या. पहिल्या रांगेत बोर्डवाले काठीवर हनुवटी टेकून बसले होते, आणि त्यांच्या मांडीवर पत्रिका होती. बाईंनी त्यांच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. दर मिनिटाला त्या त्यांच्याकडेच बघत होत्या.

भाषणं संपली तसे बोर्डवाले उठले. व्यासपीठाकडे न येता ते काठी टेकत थेट भिंतीशी गेले, म्हातारीच्या पंजासमोर उभे राहिले, आणि काठी उचलून एकेका बोटावर नेऊ लागले. लोकांची कुजबूज थांबली. खिडकीवाली तिसऱ्या रांगेत उभी राहिली.

"बाई," बोर्डवाले मागे वळून मोठ्याने म्हणाले. "ही सहा आहेत."

परांचीबाईंनी एकदा खिडकीवालीकडे बघितलं. तिने कोट घातला नव्हता, आणि तिचे दोन्ही हात समोरच्या खुर्चीच्या पाठीवर, सगळ्यांना दिसतील असे, होते.

"हो," परांचीबाई म्हणाल्या. "मोजून काढलीत."

बोर्डवाल्यांनी काठी खाली टेकवली. भिंतीला अगदी नाक लावून उभे राहिले, चष्मा कपाळावर घेतला, आणि मान वर करून त्या छोट्या बोटाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"नख चांगलं जमलंय," ते म्हणाले.

घरी निघताना वायरमन सवयीने फुलं आणि मानपत्र घेऊन मागच्या रस्त्याला लागले. दहा पावलं गेल्यावर त्यांना कळलं, मागे कुणी येत नाही. परांचीबाई भिंतीसमोरच्या बाकावर बसल्या होत्या. ते परत आले आणि शेजारी बसले. बस यायला वीस मिनिटं होती. पंधरा मिनिटं बाई समोर बघत राहिल्या. मग एकदम त्यांनी वायरमनचा दंड धरला.

"अहो, निघताना गॅस बंद केला होता ना?"